पहिल्या रात्री चौकशी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुले दारू पिताना किंवा नशा करताना सापडल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस चर्चा होते आणि ‘पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे’ या वाक्यावर ती संपते. लक्ष द्यावे म्हणजे नेमके काय करावे, हे कोणी सांगत नाही. मुलगा रात्री तोंडाला वास घेऊन दारात उभा राहिला, मुलीच्या दप्तरात गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली, तर आधी काय, नंतर काय आणि कोणत्या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत? आम्ही किशोरवयीन मुलांच्या व्यसनांवर समुपदेशन करतो. घरोघरी एकच चूक होताना दिसते, ती क्रमाची. पहिल्या रात्री करायचे ते राहून जाते आणि आठवडाभराने बोलायचे ते पहिल्या रात्रीच बोलून टाकले जाते.

आपण बरोबर वागतो आहोत की नाही, हे पाहायला आम्ही पालकांना एक कसोटी देतो. आज मी जे करतो आहे त्यानंतर पुढच्या वेळी अडचणीत सापडल्यावर हे मूल मला फोन करील, की माझ्यापासून लपवील? मित्र बेशुद्ध पडलेला असताना बाकीची मुले मोठ्यांना बोलवत नाहीत, ती निर्दय असतात म्हणून नव्हे, घरी काय होईल या धास्तीने.

पिऊन आलेल्या मुलाशी त्याच रात्री वाद घालू नये. त्याला सकाळी त्यातले फारसे आठवणार नाही. तुम्ही बोलून गेलेले तुम्हाला मात्र आठवत राहील. त्या रात्रीचा प्रश्न फक्त शरीराचा आहे. हाक मारल्यावर उत्तर देतो का, ते पाहा. छातीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांमध्ये दहा सेकंद किंवा त्याहून जास्त खंड, ओठ किंवा नखे निळसर पडणे, अंग गार आणि चिकट लागणे, झटके, चिमटा काढूनही जाग न येणे, यातले एक जरी दिसले तरी थेट रुग्णवाहिका बोलवायची. ‘झोपला की उतरेल’ या समजुतीने जीव जातात. पोटातली दारू शेवटच्या घोटानंतरही अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ रक्तात चढत असते. त्यामुळे अंथरुणावर टेकवताना बोलणारे मूल तासाभराने बेशुद्ध असू शकते.

मूल शुद्धीत असेल, पण झोपाळले असेल, तर त्याला कुशीवर वळवा. खालचा हात शरीरापासून काटकोनात पुढे, वरच्या हाताचा पंजा गालाखाली, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवलेला, म्हणजे ते उताणे पडत नाही. हनुवटी किंचित वर आणि तोंड खालच्या दिशेला हवे. दारूने घशाची आपोआप ठसका देण्याची क्रिया मंदावते; उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत शिरते आणि त्याला खोकताही येत नाही. रात्रभर कोणीतरी शेजारी बसावे. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, बोटे घालून काढलेली उलटी यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. उलटी काढायला लावणे तर धोक्याचे आहे.

किती प्यायला असेल, याचा हिशेब साधा आहे. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणायचे, शंभराने भागायचे आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणायचे. ते झाले शुद्ध मद्याचे ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ५०० मिलीमध्ये २० ग्रॅम, ४० टक्क्यांच्या दारूच्या २०० मिलीमध्ये ६४ ग्रॅम. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. म्हणजे त्या २०० मिलीला सहा ते नऊ तास लागतात, आणि हे झाले मोठ्या माणसाचे. मुलांचे वजन कमी, सवय नाही, शिवाय ती पितात लपून आणि घाईत, बाटली संपवायचीच म्हणून. लहान वयात दारूने रक्तातली साखरही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, उपाशीपोटी तर जास्तच.

दारूखेरीज दोन गोष्टी पालकांना माहीत हव्यात. पहिली, हुंगण्याची नशा: थिनर, गोंद, व्हाइटनर, पेट्रोल, फवाऱ्याचे डबे. लहान वयातली मुले बहुधा हिच्याकडे आधी वळतात, कारण वस्तू घरात असते. बाहीला किंवा रुमालाला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, खोलीत रिकाम्या ट्यूब किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या ही खूण. अशा मुलाला हुंगतानाच पाहिलेत तर ओरडू नका, अंगावर धावून जाऊ नका, त्याचा पाठलाग करू नका. ही द्रव्ये हृदयाला ॲड्रिनलिनबाबत, म्हणजे घाबरल्यावर किंवा पळताना शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाबाबत, अतिसंवेदनशील करतात. दचकलेल्या, पळणाऱ्या मुलाचे हृदय त्याच क्षणी बंद पडू शकते, अगदी पहिल्याच वेळी हुंगले असले तरी. शांत आवाजात बोलायचे, खिडक्या उघडायच्या, ठिणगी उडेल असे काही करायचे नाही आणि मुलाला बसते करायचे. रागवायला नंतर वेळ मिळतो.

दुसरी, गोळ्या आणि औषधे: वेदनाशामक अफूजन्य औषधे, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या. यांच्यासोबत दारू गेली की दोन्ही मिळून श्वास मंद करतात. डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, घोरल्यासारखा संथ श्वास आणि न येणारी जाग, हे तिन्ही एकत्र दिसले तर अफूजन्य औषधाचा अतिडोस समजायचा. नॅलोक्सोन हे त्यावरचे औषध नाकातून किंवा इंजेक्शनने देतात, पण त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटे टिकतो. पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ टिकू शकते, म्हणून मूल उठून बसले तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. जाताना रिकामी पट्टी, बाटली, जे सापडेल ते सोबत घ्या आणि डॉक्टरांना सगळे खरे सांगा. अब्रूच्या भीतीने ‘जेवणातून बाधा झाली’ असे सांगितले की उपचारच चुकीच्या दिशेने सुरू होतात.

आता बोलण्याकडे येऊ. दुसऱ्या दिवशी, मूल झोपून उठल्यावर, पोटात काही गेल्यावर, एकाच मोठ्या माणसाने बोलावे. काका, मामा, शेजारी असे पंच बसवू नयेत. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा एखादे काम करताना बोलले तर मुले मोकळी होतात, कारण तेव्हा नजरेला नजर द्यावी लागत नाही. वेळ पंधरा-वीस मिनिटे, जास्त नाही. सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने करावी: ‘काल तू आलास तेव्हा तुला उभे राहता येत नव्हते. मी घाबरले. काय झाले ते मला समजून घ्यायचे आहे.’ एवढे बोलून थांबावे. ही शांतता पालकांना सर्वात जड जाते. दहा-पंधरा सेकंदांत ते स्वतःच बोलू लागतात आणि मूल सुटते.

‘का प्यायलास?’ हा प्रश्न आम्ही विचारू देत नाही. त्याला मुलाकडे एकच उत्तर असते, ‘माहीत नाही’, आणि बहुधा ते खरे असते. मित्रांची नावे पहिल्याच दिवशी मागितली की घराची पोलीस चौकी होते. त्याऐवजी विचारावे, ‘त्यात तुला काय बरे वाटले?’ हे ऐकून पालक दचकतात. नशेचे कौतुक केल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. पण काय बरे वाटले हे कळल्याशिवाय त्या जागी दुसरे काय द्यायचे हे कळत नाही. कोणी म्हणतो, चारचौघांत बोलता आले. कोणी म्हणते, झोप लागली. पहिल्या मुलाची अडचण बुजरेपणाची आहे. दुसरीला कदाचित नैराश्य असेल आणि तिला डॉक्टरांची गरज असेल. त्यानंतर विचारावे, ‘आणि काय वाईट वाटले?’ इथे मूल जे स्वतःच्या तोंडाने सांगते ते तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त टिकते.

प्रकरण किती पुढे गेले आहे हे ताडण्यासाठी बालरोगतज्ज्ञ ‘क्राफ्ट’ नावाची सहा प्रश्नांची चाचणी वापरतात. नशा केलेल्या कोणी चालवलेल्या वाहनात कधी बसलास का, ताण घालवण्यासाठी किंवा गटात सामावण्यासाठी घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर केलेले विसरतोस का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, त्यापायी कधी अडचणीत आलास का. दोन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील तर तज्ज्ञाकडे जावे. आमच्या मते ‘एकटा असताना’ याचे एकटे ‘हो’सुद्धा पुरेसे मानावे.

शिक्षा असावी, पण ती लहान असावी, आधी ठरलेली आणि पार पडणारी. एक आठवडा संध्याकाळी बाहेर नाही, ही शिक्षा पाळली जाते. तीन महिने फोन बंद, ही दहाव्या दिवशी सुटते, आणि तुमचा शब्द टिकत नाही हे मूल त्यातून शिकते. मार तर नकोच. नियम आणि मदत यांची गल्लतही होऊ देऊ नये. पिऊ नये हा नियम. कोणत्याही वेळी, कोठूनही, कोणत्याही अवस्थेत फोन केलास तर मी येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, ही मदत. नियम मोडला म्हणून मदत कधीच काढून घ्यायची नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारायचे, आणि फोन केल्याबद्दल आधी ‘बरे केलेस’ म्हणायचे.

घरच्या घरी लघवीची चाचणी करणारे पट्टे हल्ली सहज मिळतात. आम्ही त्यांच्या विरोधात आहोत. नेहमीच्या पट्ट्यात ट्रामाडॉल किंवा फेंटानिलसारखी कृत्रिम औषधे दिसत नाहीत, हुंगलेली द्रव्ये दिसत नाहीत, दारू काही तासांतच निघून जाते. उलट खसखशीने अफूचा आणि सर्दीच्या काही औषधांनी भलताच निकाल येऊ शकतो. रोज गांजा ओढणाऱ्याने तो सोडल्यावरही कित्येक दिवस, कधी महिनाभर पट्टा ‘हो’ दाखवतो. म्हणजे प्रामाणिकपणे थांबलेले मूलच खोटे ठरते.

‘घरात आपल्यासमोर थोडी चाखू द्यावी, म्हणजे बाहेर वाहवत नाही’ हा सल्ला सुशिक्षित घरांत फार ऐकू येतो. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पालकांनी दारू दिल्याने मुलांचा बचाव झाल्याचा कोणताही पुरावा त्यात मिळाला नाही. उलट अति पिण्याचा धोका वाढलेला दिसला. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून सुरुवात जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलावी.

शाळांबद्दल थोडेच. भीतीदायक चित्रे दाखवणारे एकदिवसीय व्याख्यान ठेवून मोकळे होऊ नये. त्याने वागणे बदलत नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा ‘डेअर’ कार्यक्रम अमेरिकाभर पसरला, पण मूल्यमापनांत त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. सापडलेल्या मुलाला पंधरा दिवस घरी बसवणे म्हणजे त्याला पंधरा रिकाम्या दुपारी देणे. शिक्षा शाळेतच द्यावी, समुपदेशनासह. आइसलँडने वेगळा रस्ता धरला: दरवर्षी मुलांची पाहणी, खेळ-संगीतासाठी सरकारी पैसा, रात्री बाहेर राहण्यावर वयानुसार वेळेची मर्यादा, आणि पालकांचे आपसांत करार. पाहणीआधीच्या महिन्यात दारूने झिंगलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण तिथे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. यातला पालकांचा करार कोणत्याही वर्गाचे पालक एका बैठकीत करू शकतात: कोणाच्याही घरी मोठे माणूस नसताना पार्टी नाही, आणि कोणाचेही मूल अडचणीत दिसले तर त्याच्या घरी कळवायचे, गावभर नाही.

शेवटी, ज्यांच्या घरात प्रकरण पुढे गेले आहे त्यांच्यासाठी. रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या मुलाला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. त्याला झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने व्हावे. अफूजन्य नशा सोडून काही आठवडे झालेले मूल व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येते तेव्हा घर निर्धास्त होते. नेमका तोच काळ सर्वात घातक असतो, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वी पचणारा डोस आता श्वास थांबवतो. म्हणून घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी, त्याच्या तोंडावर आणि न चिडता, दोन गोष्टी बोलून ठेवा. पुन्हा पाय घसरला तर एकट्याने, बंद दाराआड नशा करायची नाही. आणि फोन घरी करायचा, कितीही वाजले असले तरी. नॅलोक्सोन कुठे ठेवले आहे, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

आपले,
किशोरवयीन मुलांच्या व्यसनांवर काम करणारे समुपदेशक