सहभोजनासाठी भाजलेली छोटी सँडविच

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शनिवारच्या सहभोजनासाठी सँडविच आणणाऱ्यांनी लादीपाव सुटे न करता संपूर्ण लादीच आडवी कापावी, खालच्या थराला लोणी व हिरवी चटणी अगदी कडेपर्यंत लावून त्यावर उकडलेला बटाटा व किसलेले चीज पसरावे आणि वरचा थर ठेवून लादी 180 अंश सेल्सिअसवर साधारण 15 मिनिटे भाजावी. काकडी-टोमॅटो कृपया टाळावेत. त्यांच्या पाण्याने पाव तळाशी ओला होतो व उचलताना तुटतो. पहिली दहा मिनिटे फॉइल झाकल्यास वरचा भाग करपत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळी लादी करून तिच्यावर चिठ्ठी अवश्य लावावी, कारण आपल्या पंगतीत कोणी संकोचाने उपाशी राहणे मुळीच योग्य नाही. पाव वाढतानाच सुटे करावेत.