नियम आहे, पण दाद कुठे मागायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुधवारच्या अंकातील नेट न्यूट्रॅलिटीवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला कंपनीने समान वागणूक द्यावी या तत्त्वावरचा, लेख वाचला आणि संताप आला. व्हिडिओवाले दूरसंचार कंपन्यांचे जाळे फुकट वापरतात, तेव्हा त्यांच्याकडून 'वाजवी वाटा' घेतला पाहिजे, असे लेखक म्हणतात. व्हिडिओ आपणहून कुणाच्या घरात शिरत नाही. ग्राहक मागवतो तेव्हाच येतो, आणि त्या डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. मग त्याच डेटासाठी दुसऱ्या टोकाकडूनही वसुली कशासाठी?

पण मला जास्त लागले ते व्हिडिओला सरसकट 'करमणूक' म्हणणे. माझी मुलगी कर्णबधिर आहे. तिचा सांकेतिक भाषेचा तास संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर असतो. आवाज तुटला तर आपण अंदाजाने वाक्य जुळवून घेतो. तिच्या बाईंचे हात मात्र पडद्यावर थिजले, की तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. गेल्या पावसाळ्यापासून हा कॉल नेमका त्याच वेळी अडकू लागला. तेव्हाच, त्याच जोडणीवर, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरचा सिनेमा विनातक्रार चालत असे. कस्टमर केअरने राउटरवर खापर फोडले. राउटर बदलला, फरक पडला नाही. शेवटी भाच्याने व्हीपीएन (आपण इंटरनेटवर काय वापरतो ते कंपनीपासून झाकणारी सोय) लावून दिला आणि कॉल सुरळीत झाला! जोडणी तीच, वेळ तीच. फक्त आम्ही काय वापरतो आहोत हे कंपनीला दिसेनासे झाले. व्हीपीएनमुळे डेटाचा मार्ग बदलला आणि म्हणून फरक पडला, असेही असू शकेल. मग कंपनीने तसे सांगायला हवे होते. तिने वरचा प्लॅन घ्यायला सुचवले आणि 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा एसएमएस पाठवून तक्रार बंद केली. अपील करायचे ते कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था ट्राय ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही.

नियम नाहीत असे नाही. वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावण्यावर ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी बंदी घातली. मोजक्याच वेबसाइट फुकट दाखवणारे फेसबुकचे 'फ्री बेसिक्स' त्यामुळेच गुंडाळावे लागले. मजकूर अडवणे, मंदावणे किंवा एखाद्यालाच जादा वेग देणे याला मनाई करणारी अट 2018 मध्ये परवान्यांतही आली. पण ती पाळली जाते का, हे मोजायचे कोणी? माझ्या हातात वेगाची चाचणी करणारे एक ॲप आहे, आणि त्यात वेग उत्तमच दिसतो. देखरेखीसाठी सर्व संबंधितांची एक संस्था उभारावी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर 2020 मध्ये केली होती. तिचे पुढे काय झाले, हे तुमच्या लेखकांनी विचारले असते तर आमच्यासारख्यांना उपयोग झाला असता. आधी तपासणारी यंत्रणा उभी करा, आणि मग नव्या आकारणीची भाषा करा.

लेखात दक्षिण कोरियाचे उदाहरण मोठ्या कौतुकाने दिले आहे. तिथे नेटवर्क शुल्क परवडत नाही म्हणून थेट व्हिडिओ प्रक्षेपणाच्या ट्विच या सेवेने आधी व्हिडिओचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो देशच सोडला. हे लेखात नाही. एवढी मोठी कंपनी तिथे टिकली नाही. उद्या असे शुल्क इथे आले आणि लहानांपर्यंत पोहोचले, तर मोजक्या मुलांना शिकवणाऱ्या आमच्या बाईंची सेवा कशी टिकेल?

आणखी एक तक्रार थेट तुमच्याकडे. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने ट्रायकडे दहा लाखांवर ई-मेल गेले, कारण सूचना कुठे आणि कधीपर्यंत पाठवायच्या हे लोकांना ठाऊक होते. जुलै 2023 मध्ये ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या कॉल-संदेशांसारख्या, सेवांच्या नियमनावर ट्रायने पुन्हा मते मागवली, तेव्हा तुमच्या अंकात त्याची बातमी मी पाहिली ती मुदत उलटून गेल्यावर. कंपन्यांना या तारखा शोधाव्या लागत नाहीत. पुढच्या वेळी असा मसुदा आला, की शेवटची तारीख आणि ई-मेलचा पत्ता पहिल्या पानावर छापा. मी लिहीन, आणि मुलीच्या वर्गातल्या इतर पालकांनाही लिहायला लावीन.

आपली,
एक पालक