पँटची कंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

टेपने मापे घेऊन शरीरातील चरबीचे प्रमाण घरीच काढण्याकडे हल्ली अनेकांचा कल आहे. सोलापुरातील गणवेशाच्या कारखान्यात मी अनेक वर्षे कटिंग मास्टर होतो, त्यामुळे त्यात सर्रास होणाऱ्या एका चुकीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी १९८४ साली मांडलेल्या या पद्धतीत पुरुषाची उंची, कंठमण्याखालील मानेचा घेर आणि बेंबीच्या पातळीवरील पोटाचा घेर लागतो. स्त्रियांच्या बाबतीत कंबर सर्वांत बारीक जागी मोजून सीटचे, म्हणजे नितंबांचे, मापही घेतात. आपले पुरुष मात्र पँटचा नंबर हीच कंबर धरतात. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, म्हणून त्याचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

माझ्या शेजाऱ्यांची उंची १७० सेंटीमीटर आणि मान ३८ आहे. चौतीस नंबरच्या, म्हणजे चौतीस इंची, पँटवरून त्यांनी घेर ८६ धरला आणि उत्तर सुमारे १९ टक्के आले. मी श्वास सोडायला सांगून बेंबीवर टेप आडवा धरला, तेव्हा घेर ९६ भरला आणि चरबी जवळजवळ २६ टक्क्यांवर गेली. टेपही तपासून घ्यावा. कापडी टेप वापरून ताणला जातो, तो लोखंडी टेपाशेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो.

हे उत्तर अंदाजाचेच असते, तीन-चार टक्के इकडेतिकडे होतेच. तरीही वजनकाट्यापेक्षा ते मला अधिक उपयोगी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३ होता, चरबी मात्र डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के असल्याचे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही पोटाच्या घेराची मर्यादा त्यामुळेच महत्त्वाची आहे.

टेप नेमका कुठे धरावा हे दाखवणारे चित्र आपल्या आरोग्य पुरवणीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कटिंग मास्टर, सोलापूर