चारठाण्याला दालन हवे, पण बुटके

महोदय,

चारठाण्याच्या जुन्या मंदिराजवळ उघड्यावर पडलेल्या मूर्तींसाठी दालन बांधा, अशी मागणी आहे; त्याबद्दल थोडे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कने २००५ साली नवे दालन बांधले, ते उताराच्या पोटात, जमिनीखाली. वरची हिरवळ आणि उघड्यावरची शिल्पे दबली नाहीत. हे आठवले चारठाण्याला (ता. जिंतूर) पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा. एका कोरीव दगडाला सायकल टेकवलेली, शेजारच्या मूर्तीच्या कुंडलाची जाळी चंदेरी ऑइलपेंटखाली पार बुजलेली. पोरं क्रिकेट खेळत होती, खेळू द्या; चेंडूने दगडाचं काही जात नाही, रंगाने जातं.

इथे दालन मागणे रास्तच. पण सगळ्या मूर्ती उचलून पत्र्याच्या शेडखाली रांगेने उभ्या करू नका. तेरच्या (जि. धाराशिव) संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीला काच लागतेच. आपला काळा बेसॉल्ट दगड ऊन-पाऊस सोसतो. आत सुटे तुकडे, नकाशे, फोटो ठेवा. भिंती इथल्याच दगडाच्या, उंची मंदिराच्या खांबाहून कमी. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की पत्र्याखाली रखवालदार तरी टिकेल का?

आणि आधी तो रंग जाणकाराकडून उतरवा. तारेचा ब्रश देऊन कुणा मजुराला पाठवू नका.

– एक वाचक, जिंतूर