रविवारचं पत्र, नेहमीपेक्षा लांब

रविवार, 15 फेब्रुवारी 2026

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर जे झालं त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे. हे नेहमीचं रविवारचं पत्र. हवा-पाणी, आईचे उद्योग, गावातल्या भानगडी, बस्स.

तर हवा. पाऊस. पुढे लिहिण्यासारखं काही नाही. गेटपाशी स्नोड्रॉप्स आले आहेत, लाँग मिंडचा डोंगर ढगात आहे, आणि आपल्या गल्लीतला तो खड्डा आता इतका मोठा झालाय की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत त्याच्यावर वीस मिनिटं गेली. मी बोललो नाही. (दोनदा बोललो.)

आज महाशिवरात्र. तुझी आई पहाटे उठून पूजा आटोपून, उपाशीपोटी, चर्चची घंटा ओढून आली. आल्यावर साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट क्रेव्हन आर्म्सच्या दाण्यांचं, त्याला आपल्या दाण्याची चव नाही, हे तिने याही वर्षी सांगितलं. 2023 मध्ये राज्याभिषेकासाठी देशभर घंटा वाजवणाऱ्यांची भरती चालली होती तेव्हा ही गेली, आठवतं ना? मला वाटलं, 6 मेला चार्ल्स गादीवर बसला की ही परत येईल. कसलं काय! पहिल्याच महिन्यात, घंटा उलटी उभी राहते तेव्हा जो लाकडी दांडा तिला पुढे जाऊ देत नाही, तो हिने ओढून मोडला. त्याचा तुकडा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, माईच्या पितळी डब्याशेजारी. गेल्या महिन्यात तर ‘क्वार्टर पील’ वाजवून आली. सहा माणसं, 1260 फेरे, प्रत्येक फेऱ्यात घंटांचा क्रम बदलायचा, समोर कागद नाही, पाऊण तास अखंड. मी खाली थंडीत कुडकुडत उभा होतो आणि, सांगायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं. सत्तर वर्षांची बाई! घरी येताना विचारलं, इतका वेळ लक्ष टिकतं कसं? म्हणाली, “आदल्या रात्री नीट झोपले होते म्हणून.”

बघ, विषय मी काढलेला नाही. तिने काढला.

आमचं कुंपणाचं काम संपत आलं. मार्चपासून पाखरं घरटी करायला लागतात, मग ऑगस्ट संपेपर्यंत कुंपणाला हात लावायचा नाही, म्हणून आता घाई आहे. हॉथॉर्नचा, म्हणजे कुंपणाच्या काटेरी झाडाचा, उभा बुंधा कोयत्याने बुडाशी तिरका छाटायचा, पण पूर्ण नाही. बोटभर साल आणि लाकूड शिल्लक ठेवायचं आणि मग तो आडवा निजवायचा. एवढ्याशा धाग्यावर झाड जगतं आणि वसंतात फुटतं. पहिल्या वर्षी मी चार झाडं पार तोडून टाकली होती. आता जमतं. खालच्या शेतावरचा तो मेंढीवाला परवा येऊन बघून गेला, “नॉट बॅड” म्हणाला. या डोंगरात तेवढं म्हणजे शाल आणि श्रीफळ.

त्याच्या मेंढ्या आता व्यायच्या आहेत. तो तीन-तीन आठवडे शेडमध्येच खुर्चीत झोपतो. आणि तेवढे दिवस त्याची बायको त्याला ट्रॅक्टरची किल्ली देत नाही. खुंटीवरून काढून ॲप्रनच्या खिशात ठेवते. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण या वेळी ऐकताना पोटात काहीतरी हललं.

असो. मंगळवारची माझी दुकानाची पाळी होती. ब्रेड उशिरा आला, लोकांनी मला धारेवर धरलं. दादाचा टोरांटोहून फोन आला होता, तो ठीक, गुडघा तसाच. मीराला म्हणावं तिचा दात आजोबांनी पुस्तकाच्या कपाटात जपून ठेवलाय, दात नेणाऱ्या परीला दिलेला नाही.

आता मी तेच करतो जे करायचं नव्हतं.

केतू, तू हसत हसत सांगितलंस. तिसरी रात्र संपवून सकाळी निघाले, एम 180 मोटरवेवर कडेच्या खडबडीत पट्टीवर टायर घरघरला आणि जागी झाले, ही ही ही. त्या हसण्याने मला राग आला. पट्टी नसती तर? हा प्रश्न गुरुवारपासून मी दिवसातून वीस वेळा विचारतो आणि उत्तर येण्याआधी उठून काहीतरी करायला लागतो. भांडी घासतो. आई म्हणते, घासलेलीच घासताय.

आणि त्या रागात मी काय बोललो, तर “आमच्या वेळी आम्ही शुक्रवारी सकाळी आत जायचो ते सोमवारी संध्याकाळी बाहेर यायचो.” त्यावर तू म्हणालीस, “बाबा, हे वाक्य मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय,” आणि मग त्या गाडीचं आणि माझ्या शहात्तर वर्षांचं जे म्हणालीस ते म्हणालीस.

तर पहिल्यांदा ते. तुझं बरोबर होतं. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करायचं, पण फॉर्म आपला आपणच भरायचा, दिसतं ना, हो दिसतं, झालं. डिसेंबरात भरला तेव्हा आईने मला गल्लीत उभं केलं, वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता यायला हवी म्हणून शिवणाच्या टेपने तेरा वेळा मापलं, वर दोन विती, आणि पोस्टमनच्या व्हॅनचा नंबर वाचायला लावला. घडाघडा वाचला. पण ते भर दुपारी. अंधारात समोरून दिवे आले की या अरुंद रस्त्यांवर कुंपण कुठे आणि रस्ता कुठे हे मला दोन क्षण कळत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी गावाच्या गाडी-योजनेत कळवून टाकलं, श्रूजबरीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या करीन, मैलाला 45 पेन्स घेईन, पण अंधार पडल्यावर नाही. त्या म्हाताऱ्या बाई, एक्याण्णव वर्षांच्या, ज्यांना मी डोळ्यांच्या क्लिनिकला नेतो, त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही सुद्धा?” वाईट वाटलं. पण कळवलं.

आता तू. थांब, पत्र ठेवू नकोस.

तुला मी काय शिकवणार? तू माणसाला झोपवतेस आणि परत आणतेस, झोपेचं शास्त्र मला तुझ्याकडून शिकायला हवं. तरी लिहितो. 2017 साली तुमच्याच ॲनेस्थेशियाच्या शिकाऊ डॉक्टरांची देशभर पाहणी झाली होती, त्यात 57 टक्के लोकांनी सांगितलं की रात्रपाळीनंतर घरी जाताना अपघात झालाय किंवा थोडक्यात निभावलंय. निम्म्याहून जास्त! काच खाली करून, रेडिओ मोठा करून झोप जात नाही. हायवे कोडच्या 91व्या नियमात लिहिलंय, सुरक्षित जागी थांबा, दोन कप कॉफी घ्या आणि किमान पंधरा मिनिटं झोपा. कॉफी आधी, कारण ती चढायला वेळ लागतो, तेवढ्यात डुलकी होते. आणि हॉस्पिटलातच दोन तास पडून मग निघणं सगळ्यात उत्तम. खोली नाही म्हणतात? मग मागून घे. भांड. कन्सल्टंटला सांग. तुम्हाला आता ‘ज्युनियर’ सुद्धा म्हणत नाहीत, ‘रेसिडेंट’ म्हणतात, तर राहायला खाट तरी देतील की नाही? मीराला आई हवी आहे, एखाद्या दिवशी अकरा वाजता उठलेली चालेल, पण

हे बघ, झालं सुरू. माफ कर. पान फाडणार होतो, पण फाडलं तर पुन्हा हेच लिहीन.

खरी गोष्ट अशी की मी चार दिवस तुझ्यावर चिडलेलो नाही. तू हे हसून सांगायला शिकलीस कुठे, याचा विचार करतोय. आपल्या घरात न झोपणं ही शौर्याची गोष्ट होती. पाहुणे आले की मी ती सांगायचो. 1976 साली मिरजेहून आलेला पोरगा, एक दिवसाआड ऑन-कॉल, सोमवारी संध्याकाळी चालता चालता झोपायचा. सगळे हसायचे. तू माझ्या खुर्चीच्या हातावर बसून ऐकायचीस, मध्येच एखादा तपशील राहिला तर आठवण करून द्यायचीस. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा, की पोरीला बाबाच्या गोष्टी पाठ आहेत.

त्या गोष्टीत मी एक कधीच सांगितलं नाही. त्याच पहिल्या हॉस्पिटलात एका सोमवारी मी एका मुलाला औषधाचा दहापट डोस लिहिला होता. सिस्टरने बघितला. काही न बोलता कागद माझ्यासमोर ठेवला आणि शून्यावर बोट टेकवलं. मुलाला काही झालं नाही. पण शौर्याच्या गोष्टीत तो शून्य मी कधी घातला नाही.

आणि दुसरं. मार्च 2001. तू दहा वर्षांची होतीस. लाळ्या-खुरकुताची साथ, सगळ्या पायवाटा बंद, शेतांच्या फाटकांवर जंतुनाशकात भिजवलेल्या गवताच्या चटया. तुला त्या वासाने मळमळायचं. तेव्हा रात्रीचे कॉल आम्ही गावचे डॉक्टरच घ्यायचो, 2004 नंतर सुटका झाली. फोन आईच्या उशाशी. पगार माझा आणि झोप तिची मोडायची, हे कुठल्या रजिस्टरला लागलं नाही. तर लागोपाठ तिसरी रात्र. पहाटे तीनला वरच्या शेतावर म्हाताऱ्याला धाप लागली म्हणून गेलो. टायर धुतले, बूट धुतले, त्याला इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसलो, परत टायर धुतले. आणि उतारावरच्या वळणावर डोळा लागला. नुसता लागला. जाग आली तेव्हा गाडी कुंपणात, काचेवर काटे, आणि वायपर चालू. कुंपणापलीकडे किती खोल आहे ते तुला माहीत आहे, आपण तिथे टोपल्या घेऊन व्हिनबेरीची फळं वेचायला जायचो. शेतकऱ्याच्या मुलाने ट्रॅक्टरने ओढून काढली. घरी येऊन सांगितलं, बर्फावरून घसरली. तुम्ही दोघं शाळेच्या बसची वाट बघत होतात. तू गाडीच्या चेपलेल्या नाकावर हात फिरवून म्हणालीस, “बाबा, हिला लागलं.”

पंचवीस वर्षं झाली. माझीही पट्टी घरघरली होती म्हण. माझी हॉथॉर्नची होती.

तू चांगली डॉक्टर आहेस. माझ्यापेक्षा चांगली, हे मी लोकांना सांगतो, तुला सांगत नाही, ही आपल्या घराण्याची पद्धत. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या माणसाला तू त्याच्या कुत्र्याचं नाव विचारतेस, हे डॅनियलने सांगितलं तेव्हा मी बागेत जाऊन दोन चकरा मारून आलो.

2009 साली तू युनिव्हर्सिटीला गेलीस तेव्हा हे रविवारचं पत्र सुरू केलं, मराठी वाचायला विसरू नये म्हणून. तिकीट 39 पेन्सचं होतं, आता 1 पौंड 70. आई म्हणते, त्यापेक्षा मेसेज करा. मेसेजमध्ये मला इतकं बोलता येत नाही. जोडाक्षरं नीट काढली आहेत, अडलं तर फोन कर. नाही अडलं तरी कर.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट डकवण्याआधी आईने पत्र वाचलं. चष्मा काढून म्हणाली, “त्या रात्री बर्फ कुठे होता? धुणं बाहेर राहिलं होतं. सकाळी बघितलं तर ओलं होतं, कडक नव्हतं झालेलं.” आणि खिचडी गरम करायला आत गेली.

दुसरा ता. क. पार्सलमध्ये डॅमसनचा मुरंबा, मीराचा स्वेटर आणि माझा जुना थर्मास आहे. थर्मासचं झाकण उलटं फिरतं. तुझ्या पुढच्या रात्री गुरुवारपासून तीन, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. रविवारी सकाळी कितीला सुटतेस?