ओवीच्या पोटातल्या शिरांबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर बोलताना ओवी शेजारीच असते, म्हणून लिहिते आहे. उलटीतून रक्त येणं थांबलंय, शीचा डांबरासारखा रंगही गेला. काल तिने वरणभात मागून खाल्ला.

बाबा, एवढ्याशा पोरीचं लिव्हर कसं बिघडलं, असं तुम्ही विचारलंत. तिचं लिव्हर उत्तम आहे. आतड्यांतलं आणि पाणथरीतलं (म्हणजे प्लीहेतलं) रक्त लिव्हरकडे नेणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, फार पूर्वी कधीतरी गुठळी होऊन बुजली. मुख्य कालवा बुजला की पाणी पोटचाऱ्या फोडून वाट काढतं, तसं झालं. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरा फुगल्या, पाणथरी वाढली, प्लेटलेट कमी झाल्या.

आई, तू बेंबीला तेल लावायचीस म्हणून हे झालं, असं मावशीजवळ म्हणालीस म्हणे. लहानपणी बेंबीत पू झाला, किंवा तिथून नळी घातली, तर ही शीर बुजू शकते. ओवीला यातलं काहीच झालं नव्हतं. पुष्कळ मुलांत कारण सापडतच नाही. तू हे मनातून काढून टाक, अगदी कळवळून सांगते.

आधी शिरांतला दाब उतरवायला ऑक्ट्रिओटाइडचं सलाईन लावलं. रक्त मात्र मोजूनमापून दिलं, कारण जास्त भरलं की दाब वाढून शीर पुन्हा फुटते. मग पूर्ण भूल देऊन, श्वासाची नळी घालून दुर्बीण आत सोडली. अन्ननलिकेतल्या शिरांना रबराचे बँड लावतात. ओवीचं रक्त जठराच्या वरच्या फुगीर भागातून येत होतं. तिथल्या शिरा जाड आणि खोल, बँड निसटला तर रक्त आणखी उसळतं. म्हणून दुर्बिणीतूनच सुई टोचून शिरेत ग्लू भरला. फेव्हिक्विकच्या जातीचंच हे रसायन, रक्ताला लागताच घट्ट होतं. १९८६ साली हॅम्बुर्गच्या डॉ. निब सोहेंद्रांनी ही पद्धत मांडली. आणि बाबा, जठरातल्या या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांची आहे!

ग्लूचा कण फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सही करताना माझा हात थरथरत होता. पण रक्त तसंच वाहू देणं त्याहून भयंकर होतं. आता तो गोळा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप सुटून शीवाटे जाईल.

बुजलेली शीर यामुळे उघडत नाही, म्हणून दुर्बीण पुन्हा करावी लागेल. मानेतली शीर घेऊन लिव्हरकडे नवी वाट करून देणारं ऑपरेशनही असतं. लिव्हरच्या आतल्या शिरा मोकळ्या असल्या तरच ते होतं. तो स्कॅन व्हायचाय. माझं मन त्या ऑपरेशनकडे ओढतं, कारण दर वेळी रक्त येण्याची वाट बघत जगणं मला नको आहे.

मे महिन्यात ती तुमच्याकडे येईलच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तेही मी लिहून देईन तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, कॉम्बिफ्लाम अजिबात नको. खाण्यापिण्याला बंदी नाही. पळू दे, खेळू दे, फक्त पोटावर मार बसेल असं काही नको, पाणथरी मोठी आहे. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर मला फोन लागेपर्यंतही थांबू नका, तडक जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. फाइलची झेरॉक्स सोबत पाठवते आहे, ती कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवा.

तुमची,
मनीषा