कोपऱ्याचा कर्णा

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा एका ओळखीच्यांकडे क्लिप्शहॉर्न नावाचा स्पीकर ऐकला. तुला कधी एकदा लिहितो असं झालंय. छातीपर्यंत येणारं लाकडी कपाट, मागून त्रिकोणी, खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना भिडवलेलं. अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा. त्यांनी तबल्याची रेकॉर्ड लावली. डग्ग्यावर तळहात घासत जातो ना, तो चढता घुमारा अंगावर आला, आणि त्याच क्षणी चाटीवरचं बोट वेगळं, स्वच्छ ऐकू आलं. वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा स्पीकर, किती हलतोय बघायला वाकलो, तर समोर वूफरच नाही! तो आत दडलेला.

हे पॉल क्लिप्शचं काम. १९४६ साली अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या छोट्या गावात त्यांनी हे स्पीकर बनवायला घेतले. आजही ते तिथेच बनतात. स्पीकरला कर्णा लावणं त्यांच्या आधीही होतंच. अडचण खर्जाची होती. ३० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट सुमारे ११ मीटर लांब. तिच्यासाठी सरळ कर्णा केला तर तो घरात मावायचा नाही. क्लिप्शनी कर्ण्याला पेटीच्या आतच घड्या घातल्या आणि त्याचं शेवटचं, रुंद तोंड केलंच नाही. ते काम खोलीच्या दोन भिंती आणि जमीन करतात. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, की घरातला रिकामा कोपरा त्यांनी वाद्याचा भाग केला.

आणि हे नुसतं मोठ्या आवाजासाठी नव्हतं. साधा स्पीकर मिळालेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाजात उतरवतो, बाकीची उष्णता. कर्ण्यामुळे कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेची नीट पकड मिळते, त्याला फार हलावं लागत नाही. कोन खर्जासाठी जोरात मागेपुढे झाला की त्याच्यावरून निघणारा वरचा स्वरही डळमळतो. ही विकृती क्लिप्शनी वर्षानुवर्षं मोजली, त्यावर लिहिलं. कोनची हालचाल कमी तेवढी ती कमी, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. २००२ साली ते गेले, ९८ वर्षांचे होऊन.

आपल्या मंडळाचा वूफर आठवतो? आवाज पुरेना म्हणून आपण वॅट वाढवत गेलो आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री कॉइल जळाली. तो जळका वास अजून माझ्या नाकात आहे. तेव्हा पेटी कोपऱ्यात सरकवून बघायचं एकालाही सुचलं नाही.

दिवाळीत येशील तेव्हा त्यांच्याकडे जाऊ, मी विचारून ठेवलंय. तुझ्या बाबांची ती पखवाजाची रेकॉर्ड मात्र आठवणीने आण.

तुझाच,
अनिल